निवडून आलात, आता दप्तर उघडा

गुलाल उतरायच्या आत पारावर प्रश्न येतो, ‘किती निधी आणणार?’ नवा सदस्य किंवा सरपंच एखादा आकडा ठोकून देतो आणि तिथेच फसतो. निधी ‘आणायचा’ असतो ही समजूतच अर्धी खोटी आहे. बराचसा पैसा गावाच्या नावावर दरवर्षी येतच असतो. तो कशासाठी येतो आणि कोणाच्या सहीने जातो हे कोणी विचारत नाही, म्हणून तो एकतर पडून राहतो किंवा पेव्हर ब्लॉकखाली गाडला जातो.

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो. त्यातलं पहिलं दीड वर्ष मासिक सभेला जायचो, चहा प्यायचो, सही करायचो आणि घरी यायचो. तुमचं दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं आहे, पण दप्तर सगळीकडे एकाच नमुन्यात असतं. म्हणून सुरुवात तिथून.

पहिला महिना: चार वह्या

ग्रामपंचायतीचे हिशेब नमुना १ ते ३३ या ठरलेल्या तक्त्यांत ठेवले जातात. सगळे वाचायची गरज नाही, चार पुरेत. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. नमुना ५ म्हणजे रोकडवही, रोजची जमा आणि रोजचा खर्च. नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद. आणि नमुना ९ म्हणजे कोणाकडे किती कर थकलाय त्याची मागणीवही. यांच्या जोडीला मागच्या चार ग्रामसभांची इतिवृत्तं आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल मागा. अहवालातल्या आक्षेपांची यादी वाचलीत की गावाचा इतिहास कळतो, तोही पारावर ऐकायला मिळतो त्यापेक्षा खरा.

हे सगळं ग्रामसेवकाकडे असतं. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव झालं, तलाठ्याचं ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. लोक अजून ग्रामसेवक आणि तलाठीच म्हणतात, समोर असले की भाऊसाहेब. दप्तर मागितल्यावर भाऊसाहेबांच्या कपाळाला आठी पडली तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्याकडे अनेकदा दोन-दोन गावांचा कारभार असतो. भांडायला नाही, शिकायला आलोय हे दोन-तीन भेटींत दिसलं की आठी जाते.

नमुना ९ आधी उघडा. समजा वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी मागच्या बाकीसह सहा लाख आहे आणि वसुली चार लाख. हे चार लाख गावाचे स्वतःचे, त्याला स्वनिधी म्हणतात. यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. म्हणजे साठ हजार, चाळीस हजार आणि वीस हजार. यासाठी कोणा आमदाराचं पत्र लागत नाही, मुंबईची फेरी लागत नाही. तरी मार्च महिना आला की हे पैसे कशावर तरी घाईघाईने उडवले जातात, कारण एप्रिलमध्ये कोणी विचारलेलं नसतं. तुम्ही एप्रिलमध्ये विचारा.

आणि वसुली? छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात सरपंच असताना भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्याला वर्षभर दळण मोफत दिलं. ही गोष्ट भाषणांत इतकी ऐकलीय की तिची चव गेली असेल, पण तिच्यामागचा हिशेब अजून ताजा आहे: कर भरल्याचा फायदा त्या घरातल्या बाईला दर आठवड्याला दिसला पाहिजे.

कोणाचं कार्यालय कोणतं

नव्या माणसाचे सर्वांत जास्त दिवस इथे जातात. सगळं ‘पंचायत समितीत’ असतं असं वाटतं, पण तसं नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद ही एक उतरंड. गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ पंचायत समितीत बसतात, मुख्य कार्यकारी अधिकारी जिल्हा परिषदेत. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावची पाणीपुरवठा योजना या गोष्टी साधारण याच उतरंडीत येतात. तहसीलदार, तालुका कृषी अधिकारी, वनपरिक्षेत्र अधिकारी, महावितरण, भूजल सर्वेक्षण यंत्रणा हे मात्र वेगळे. ते बीडीओंना विचारून काम करत नाहीत. गोंधळ वाढवायला जिल्हा परिषदेचा स्वतःचाही कृषी विभाग असतो आणि राज्याचाही. एका औजाराच्या अनुदानासाठी मी दोन महिने चुकीच्या जिन्याने वर गेलो आहे.

तलाव आणि बंधाऱ्यांचं उदाहरण घ्या, कारण तिथे हे फार नडतं. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामं जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्यावरची ६०० हेक्टरपर्यंतची राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठी जलसंपदा विभागाकडे. गावातला पाझर तलाव फुटला, तर आधी ‘हा कोणाचा?’ हे शोधावं लागतं. त्यात रोजगार हमीवर बांधलेला एखादा जुना तलाव कोणाच्याच वहीत सापडत नाही. तो कोणाचा हे ठरेपर्यंत दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांतच गावातल्या प्रत्येक तलावाची, बंधाऱ्याची, विहिरीची आणि टाकीची यादी करा: कोणी बांधलं, कोणत्या वर्षी, आज कोणाच्या ताब्यात. ही एक वही पुढची पाच वर्षं पुरते.

कोणत्याही कार्यालयात अर्ज द्याल तर दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. साहेब म्हणतील ‘ठेवा, बघतो’. ठेवू नका, आवक-जावकच्या टेबलावर जा. माहितीचा अधिकार ३० दिवसांत उत्तर मिळवून देतो, पण ते हत्यार पहिल्याच भेटीत काढलंत तर पुढे चहाही मिळत नाही. आधी साधं पत्र, मग स्मरणपत्र, मग ते.

शासन निर्णय कसा वाचायचा

‘योजना आली’ असा व्हॉट्सॲपवर मजकूर फिरतो. त्यावर विश्वास ठेवू नका, शासन निर्णय म्हणजे जीआर मागा. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख घातली की मोफत मिळतो. जीआरची सुरुवातीची प्रस्तावना सोडून द्या, तिथे सगळ्यांचंच कल्याण होत असतं. पुढे चार गोष्टी शोधा. लाभ कोणाला, व्यक्तीला की ग्रामपंचायतीला? मंजुरी देणारा सक्षम प्राधिकारी कोण? पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यातून? आणि शेवटी जोडलेलं प्रपत्र, म्हणजे अर्जाचा नमुना, कोणता? लेखाशीर्षाचा उल्लेख नसेल किंवा ‘निधी उपलब्धतेनुसार’ असं असेल तर गावात पेढे वाटू नका. वरचे ‘संदर्भ’ही बघा. अनेकदा खरा नियम पाच वर्षांपूर्वीच्या निर्णयात असतो आणि नव्याने त्यातलं एकच कलम बदललेलं असतं.

पाणी: इथे सावकाश चला

शाश्वत विकास हा शब्द आता प्रत्येक फलकावर आहे. गावापुरता त्याचा अर्थ काढायचा तर मी पाण्यापासून काढतो. शाळा, दूध, मजुरी, मुलींची लग्नं, सगळं शेवटी मार्चनंतर विहिरीत पाणी असतं की नाही यावर येऊन थांबतं.

एक हिशेब करून बघा, शाळेच्या फळ्यावर करता येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. जलसंधारणवाले ‘टीसीएम’ म्हणतात, म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर. तुमचं शिवार एक हजार हेक्टरचं आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर वर्षाला ५,००० टीसीएम पाणी गावावर पडतं. त्यातलं बरंचसं बाष्प होऊन उडतं, काही ओढ्याने जातं. आता गावची वस्ती दोन हजार. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचे होतात साधारण ४० टीसीएम, पडलेल्या पाण्याच्या एक टक्काही नाही. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला २,००० मिलिमीटर पाणी धरलं, तर एका हेक्टरला २० टीसीएम लागतं. म्हणजे पूर्ण गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी बरोबर दोन हेक्टर उसाएवढं.

हा आकडा मी आमच्या ग्रामसभेत फळ्यावर लिहिला तेव्हा थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ऊसवाले बोलले, आणि बराच वेळ बोलले.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं आणि घरोघर नळ आले. पण अनेक ठिकाणी नळ आला आणि उन्हाळ्यात पाणी नाही, कारण योजनेची विहीर आटली. तिच्या शेजारी सहा नव्या बोअर पडल्या होत्या. म्हणून पाइपलाइनच्या आधी स्रोताचं विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्ह्यात कार्यालय असतं, ती ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते. तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कोणती आणि तिची मागच्या काही वर्षांची पातळी काय, एवढं पत्र देऊन विचारा. ती माहिती जपून ठेवलेली असते आणि मागायला फारसं कोणी येत नाही.

हिवरे बाजारची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण नेमकी उलटी. तिथे आधी बंधारे झाले आणि मग समृद्धी आली असं सांगितलं जातं. बंधारे तर शेजारच्या तालुक्यांतही झाले. फरक असा की पोपटराव पवारांच्या या गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून त्यावर पिकं ठरवली. आदर्श गाव योजनेचा निधी अनेक गावांना मिळाला, ही बंधनं निधीबरोबर येत नाहीत. तुमच्या गावात बोअरबंदीचा ठराव पहिल्या वर्षी होणार नाही, प्रयत्नही करू नका. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा, सातवीच्या मुलांना रोज आठ वाजता मोजायला सांगा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. ऑक्टोबरपर्यंत लोक स्वतःच विचारायला लागतात, ‘यंदा एकूण किती झाला रे?’ ताळेबंद तिथून सुरू होतो.

कामांसाठी पैसा एकाच ठिकाणी नसतो. जलयुक्त शिवार (पहिला टप्पा २०१४ च्या डिसेंबरात, दुसरा २०२३ मध्ये), गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार, निवडक जिल्ह्यांत पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, नाबार्डचे पाणलोट कार्यक्रम. तुमचं गाव यांपैकी कशात आहे हे तालुका कृषी अधिकारी एका भेटीत सांगतील. पोकरात असेल तर गावाची कृषी संजीवनी समिती कागदावर आहे की जागी आहे ते बघा.

आराखडा आणि वित्त आयोग

ग्रामपंचायतीकडे थेट येणारा मोठा पैसा केंद्राच्या वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगात त्याचे दोन भाग होते: ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे असं बंधन नसलेला. एकूण निधीतला ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. हा आयोग मार्च २०२६ पर्यंतचा. एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षं सोळाव्या आयोगाची, तेव्हा वाटणीचं चालू पत्रक बीडीओ कार्यालयातून घ्या, जुन्या टक्केवारीवर आराखडा करू नका.

हा पैसा ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहिलेल्या कामावरच खर्च होतो. ‘आमचं गाव आमचा विकास’ या नावाखाली तो होतो, आणि त्याचा हंगाम २ ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपतो. या चार महिन्यांत तुम्ही शेतात किंवा लग्नात असाल तर पुढचं वर्ष गेलं म्हणून समजा. नियमाने गावफेरी, शिवारफेरी, महिला सभा, बालसभा, वंचित घटकांची सभा व्हायला हवी. प्रत्यक्षात पुष्कळ गावांत मागच्या वर्षीचा आराखडा संगणकावर उघडून वर्ष बदललं जातं. तुमचा आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही दिसतो, पेमेंटही दिसतात. आजच रात्री मोबाइलवर उघडा, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा. न झालेल्या कामाचं बिल निघालेलं दिसलं तर लगेच ओरडू नका, आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

पैसे डिजिटल सहीने जातात. एक सही सरपंचाची, एक ग्रामसेवकाची. ज्या छोट्या डोंगलमध्ये ती सही असते तो कोणाच्या खिशात आहे हा गावातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. महिला सरपंच असेल तर डोंगल यजमानांच्या खिशात असतो, कधी दोन्ही डोंगल संगणक चालवणाऱ्या पोराच्या ड्रॉवरमध्ये असतात. वहिनी, तुम्ही सरपंच असाल तर डोंगल तुमच्या पर्समध्ये ठेवा आणि पासवर्ड स्वतः टाका. घरात चार दिवस अबोला होईल, होऊ द्या. अपहाराची नोटीस यजमानांच्या नावे येत नाही.

कामाचा कागद असा चालतो: ठराव, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, पूर्णत्वाचा दाखला आणि मग बिल. मोजमाप पुस्तिकेला सगळे एमबी म्हणतात. आमच्या वाडीवरची गटार अंदाजपत्रकात दीडशे मीटर होती, जमिनीवर एकशे दहा. माझ्याकडे टेप होती म्हणून कळलं. पन्नास मीटरची टेप दुकानात मिळते, पाच वर्षांत तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

बायकांचे गट

उमेद, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, २०११ पासून आहे. त्याच्या बऱ्याच आधी, १९७५ पासून, महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम. गावात एखाद्या गटाची पाटी उमेदची असते, एखाद्याची माविमची. दोघींत भांडण लावू नका. उमेदमध्ये बचत गट, त्यांचा मिळून ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी बांधणी असते. ग्रामसंघ दरवर्षी गावातल्या गरजांचा स्वतःचा आराखडा करतो आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घ्यायचा असतो. तो बहुतेक वेळा ग्रामसभेत कोणी मागत नाही, म्हणून सीआरपी ताईंच्या, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच ताईंच्या पिशवीतच राहतो. मागा. कोणत्या घरात रेशनकार्ड नाही, कोणाची पेन्शन अडली, कोण निरोप न देता ऊसतोडीला गेलं, हे त्या कागदावर ग्रामपंचायतीच्या दप्तरापेक्षा नेमकं असतं. सदस्य बदलतात, गट राहतात.

रोजगार हमी

महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात ही योजना उभी केली, १९७७ मध्ये कायदा केला. देशाचा कायदा २००५ चा. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला, हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, त्यामुळे चालू नियम रोजगार सेवकाकडून नव्याने समजून घ्या. जुनं एक मात्र टिकवा: मजुराने कामाची मागणी लेखी करायची आणि तारखेची पोच घ्यायची. तोंडी मागणी वहीत येत नाही, आणि वहीत नसेल तर गावात बेरोजगारी नाही असंच वर कळतं. कामं निवडताना वरची पाण्याची यादी समोर ठेवा. माथ्यापासून पायथ्याकडे, आधी डोंगरावरचे समतल चर आणि मग खालचा बंधारा. उलटं केलंत तर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो.

गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर तुमचा रस्ता थोडा वेगळा. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम ग्रामसभेला जास्त अधिकार देतात, पाडासुद्धा आपली ग्रामसभा जाहीर करून मागू शकतो, आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी या गावांना मिळतो. जंगल असेल तर २००६ चा वनहक्क कायदा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्याआधी कितीतरी वर्षं ते गाव सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा सराव करत होतं.

स्पर्धांबद्दल थोडंसं. गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, माझी वसुंधरा आणि दरवर्षी नव्या नावाने येणारं आणखी एखादं. भाग जरूर घ्या, पण गुणांकनाचा तक्ता हातात यावा म्हणून. आपल्या गावात काय नाही याची तयार यादी त्यात फुकट मिळते. बक्षिसासाठी भिंती रंगवायला घेतल्या की कचरा मागच्या ओढ्यात जातो.

ग्रामसभेचा दिवस

वर्षाला किमान चार. सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास. नोटीस सात दिवस आधी, आणि आदल्या दिवशी महिला सभा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जे कमी असेल ते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणूनच काही गावांत पहिली सभा ‘चुकून’ रिकामी राहते. गावाला नको असलेला ठराव दुसऱ्या सभेत बारा जणांत होतो. तुम्ही दोन्ही सभांना जा.

इतिवृत्त त्याच जागी, माणसं उठायच्या आत लिहून घ्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. नंतर कोणी वही घेऊन सह्यांसाठी घरोघर फिरताना दिसलं, तर सही करायच्या आधी मागची पानं उलटून बघा, कोरी तर सोडलेली नाहीत ना.